क्रमांक एकेचाळीसची पूर्ण वाढ

सोमवार, १२ मे २०२५

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, एका मगरीला बर्फात ठेवण्यात आलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर हा गुन्हा घडला आणि करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर लाजही नव्हती.

एरवी दिवस फार छान गेला. जुन्या बडोद्यातल्या गल्लीतलं, घडियाळी पोळमधलं बिऱ्हाड परवा सुभानपुऱ्यात हलवलं. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासायची चोकडी आणि तिच्यावर माळा. घर उत्तरेकडचं, त्यामुळे मे महिन्यातही जरा गार. पोळमध्ये खिडकी उघडली की समोरच्यांचा टीव्ही दिसायचा, इथे कडुनिंब दिसतो. प्रगती आहे. खोकी बरीच उघडायची आहेत, पण घाई नाही. एक जूनला नात येते पुण्याहून, सानवी, सात वर्षांची. पंधरा दिवस राहील. प्रत्येक पोळी अर्धी टाकून उठते, तेवढी सवय मोडायची आहे.

आणि आजपासून नोकरी! अडुसष्टाव्या वर्षी! उन्मेष माझा जुना विद्यार्थी, नववीत बेडकाचं हृदय काढून त्याला चार कप्पे करणारा. त्याने आता संगणकावरचा एक खेळ काढलाय. ठोकळ्यांचं जग असतं, त्यात खेळणाऱ्याने हवं ते बांधावं, नदी खणावी, डोंगर उभा करावा. जशी जागा, तसा प्राणी. दलदल केली की दलदलीतला, गुहा केली की गुहेतला. उन्मेष म्हणाला, "टीचर, प्राणी आणावा लागत नाही. जागा बरोबर बनवली की तो आपोआप येतो." असे साठ प्राणी, आणि प्रत्येकाची एक नोंद: अधिवास, आहार, पूर्ण वाढ. त्या नोंदी तपासून मराठी नीट करायचं, हे माझं काम.

चित्रं कोमल काढते. हात गुणी आहे, पण तोंडात एकच गुजराती शब्द. चालशे, म्हणजे चालेल. मगर बर्फात? चालशे. पावसाळ्यात विश्वामित्री नदीतली मगर लोकांच्या अंगणात येऊन बसते अशा गावात ही मुलगी जन्मली, आणि मगरीला बर्फात बसवते. मी विचारलं, तिला स्वेटर कोण विणणार, तू की मी? ती हसली. मी हसले नाही. मगर नदीत गेली.

बुधवार, १४ मे

चाळीस नोंदी हातावेगळ्या केल्या. वाळूतली गोगलगाय, जी सरळ तळ्यात पोहत होती, तिला वाळूत परत पाठवलं. घुबडाला दिवसा झोपायला लावलं. मग आला क्रमांक एकेचाळीस. त्याला नावही नाही. अधिवास: कुठेही. आहार: काहीही. पूर्ण वाढ: कोरं. चित्रही अर्धंच होतं. करडं, लांबट अंग, चार पाय, आणि तोंडाच्या जागी नुसता एक गोल. कोमल म्हणाली, टाइम नव्हता.

कुठेही राहणारा प्राणी देवानेसुद्धा केलेला नाही. झुरळालाही आवडनिवड असते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, चुकीचं उत्तर लिहिणारी मुलगी निदान धीट असते, अर्धं उत्तर लिहिणारी नुसती आळशी. ताटात घास उरला तर घंटा झाल्यावरही बाकावर बसवून ठेवत. त्याचा उपयोग झाला. मी आयुष्यात पानात काही टाकलेलं नाही. शिकवताना माझं वाक्य घंटेने तोडलेलं नाही.

म्हणून ही नोंद मीच भरली. नमुना म्हणून माझंच घर घेतलं, कारण ते डोळ्यांसमोर ताजं होतं. अधिवास: पहिल्या मजल्यावरचं उत्तरेकडचं घर, स्वयंपाकघरामागे ओली चोकडी, वर अंधारा माळा, दुपारी पडदे ओढलेले, राहणारं माणूस एकच. आहार: त्या माणसाने अर्धवट टाकलेलं सर्व काही. शेवटचं वाक्य कोमलकडे बघत लिहिलं. टोमणा तिला कळला, तिने नाक मुरडलं.

पूर्ण वाढ मात्र मी भरली नाही. चित्र ज्याचं, माप त्याने द्यावं. उंदराएवढा की बैलाएवढा, मला काय ठाऊक? रकाना कोरा ठेवला आणि उन्मेषला लेखी विचारलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

शुक्रवार, १६ मे

खेळ आज लोकांसाठी खुला झाला. उन्मेषने पेढे वाटले. मी एकेचाळीसच्या रकान्याचं विचारलं, तर तोंडात पेढा असतानाच म्हणाला, ते राहून गेलं, फाईल आता बंद झाली, पुढच्या आवृत्तीत बघू, चालशे. कोमलचा रोग याला लागलाय.

दुपारी घरी चहा घेत होते. कप अर्धा झाला आणि बेल वाजली. कुरिअरवाला दुसऱ्या मजल्याचं पाकीट मला देत होता. त्याला आकडे शिकवून आत आले, तर कप कोरडा. सांडलेला नव्हता, कोरडा होता. आत चहाचा डागसुद्धा नव्हता. तिथून चोकडीपर्यंत फरशीवर दोन बोटं रुंद ओला पट्टा. मांजर असणार. सुभानपुऱ्यातल्या मांजरांना आलं घातलेला चहा लागतो, ही नवी माहिती.

रविवार, १८ मे

मांजर नाही.

रीतसर प्रयोग केला. बशीत एक अख्खी खारी ठेवली आणि एक मी अर्धी खाऊन टाकलेली. पडदे ओढले आणि वीस मिनिटं दुसऱ्या खोलीत बसले. अख्खी खारी जागच्या जागी होती. अर्धी नव्हती. पुन्हा दोनदा केलं, तेच झालं. कादंबरीत एकशे बाराव्या पानावर खूण ठेवली होती, त्यापुढची पानंही नाहीत. फाडल्याची निशाणी नाही. जणू तिथपर्यंतच छापली होती. पट्टा आज चार बोटं रुंद.

मी घाबरलेली नाही. मला राग आलाय. वाचनालयाचं पुस्तक खाणं हा निव्वळ असंस्कृतपणा आहे.

मंगळवार, २० मे

ऑफिसात सांगितलं, एकेचाळीस माझ्या घरी आलाय. उन्मेष खो खो हसला. म्हणाला, टीचर, उन्हात बाहेर पडू नका, लिंबूपाणी घ्या. याला नववीत पास केलं ही माझी चूक.

कोमल हसली नाही. तिने शुक्रवारीच माझ्या नोंदीबरहुकूम खेळात एक घर बांधलं होतं. चोकडी, माळा, पडदे, आत एक म्हातारी. तो लगेच आला. शुक्रवारी तो उंदराएवढा होता म्हणे. आज चोकडीत मावत नव्हता. खाल्लं की वाढतो, आणि थांबायचं कुठे ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही. "टीचर, पेलुं खानुं खाली छे ने," ती हळूच म्हणाली. तो रकाना रिकामा आहे ना.

रिकामा मी ठेवला. हे इथे लिहिते. दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही.

गुरुवार, २२ मे

अधिवास मोडला की प्राणी जातो. सातवीतलं पोरही सांगेल. पडदे काढून घड्या घातल्या. नळ बंद केला, चोकडी फडक्याने कोरडी केली, माळ्यावर भरदुपारी दिवा लावला. देवपूजा करून आले. पडदे जागेवर होते, ओढलेले. चोकडीत पाणी. माळ्यावर अंधार.

आता जागा तो बनवतोय.

सानवीसाठी क्रोशाची टोपी विणत होते. सुई आहे. टोपी नाही.

शनिवार, २४ मे

देवश्रीला फोन केला. मुलीशी मी सहसा खोटं बोलत नाही, पण आज बोलले. नळाचं काम निघालंय, सानवीला पाठवू नकोस. ती चिडली. तिला दिल्लीला प्रशिक्षणाला जायचंय, तिकिटं झालीत, शेजारच्या वसुंधराबाई बडोद्याला येतायत, त्या सानवीला घेऊन येतील. "आई, नात नको असेल तर तसं सरळ सांग ना, नळाला कशाला मध्ये आणतेस?" पुढे ती आणखी काही म्हणत होती. मी मध्येच फोन ठेवला.

चूक.

ती पुढे काय म्हणाली ते विसरले असं नाही. तिथे कोरं आहे. पुन्हा फोन लावला. ध्वनिमुद्रित बाई म्हणते, "आपण ज्या क्रमांकावर", आणि थांबते. दहा वेळा लावला. तिथेच थांबते.

सोमवार, २६ मे

घर सोडून जाता येत नाही. सहा खोकी बंद आहेत. अर्धवट लावलेलं घर टाकून गेले, तर घर त्याचं. नोंद तसंच म्हणते. नोंद माझी आहे, तिच्यात पळवाट नाही.

उन्मेषला पत्र लिहिलं. पाकीट आणायला उठले. आले तर खालचा अर्धा कागद नाही.

आता सगळं एका बैठकीत. लहान वाक्यं. लहान वाक्यं पूर्ण होतात.

मंगळवार, २७ मे

नवं पत्र स्वतः नेऊन दिलं. उत्तर फोनवर आलं: अंगठ्याचं चित्र. चौतीस वर्षं शिकवलं त्याचं फळ, एक अंगठा.

बुधवार, २८ मे

चार खोकी झाली. ताट पुसून खाते. बशी चाटते. मी.

पट्टा राहिला नाही. स्वयंपाकघराचं दार भरून ओलं.

तोंड नाही त्याला. कोमलने काढलंच नव्हतं. तो गोल— माझ्याकडे वळवतो.

गुरुवार, २९ मे

सानवी पोळी अर्धी टाकते. चित्र अर्धं टाकते. गोष्ट अर्धी ऐकते.

तिला सांगेन. समजावेन. ताट पुसून—

नाही. ते नाहीच.

सात वर्षांचं मूल. पूर्ण वाढ—

सानवीच अर्धी आहे. अजून व्हायची आहे. मी तिच्याकडे एक क्षण पाठ केली की—

शुक्रवार, ३० मे, दुपारी चार

खोकी संपली. घर लागलं. या घरात मी टाकलेलं काही नाही. फक्त तो रकाना. तो माझ्याकडून भरला जात नाही, फाईल बंद आहे. कोमलला बोलावलंय. ती हे पान नेईल. दारातूनच. आत येऊ नको, सांगितलंय.

श्री. उन्मेष यांस,

१४ मे रोजी मी तुम्हाला लेखी विचारलं. २७ मे रोजी पुन्हा. क्रमांक एकेचाळीस. तिसरा रकाना. पूर्ण वाढ. एक आकडा हवा आहे. मुंगीएवढा लिहा. शून्य लिहा. चालशे लिहू नका. अंगठा पाठवू नका. फाईल बंद असेल तर उघडा. चूक माझी होती. हेही लेखी देते, बघा.

उत्तर लेखी हवं. आकड्यासह. उद्या, शनिवार ३१ मे, संध्याकाळी पाचच्या आत. रविवारी सकाळी सानवीची गाडी येते.

बेल वाजली. कोमल. थांब म्हटलं. घंटा झाली म्हणून मी कधी उठलेली नाही. पडदे सरकतायत. सरकू देत. फरशी— पाय ओले झाले. सही राहिली आहे, एवढंच. सही झाली की पत्र पूर्ण. पूर्ण झालेलं तो खात नाही. उद्या पाचच्या आत, उन्मेष, लेखी, एक आकडा, नाहीतर मी