सिंधूबाईच्या टोळीतला एक क्वार्क

१८ मार्च, सकाळी
सिंधूबाईनं मला कुरडयांतून काढलं. दरसाल आम्ही चौघी एकमेकींच्या दारी जाऊन कुरडया घालतो. यंदा ती, पार्वतीबाई आन् तानुबाई, तिघीच. कारण काय, तर गेल्या साली मी तिच्या कुरडयांना काळ्या म्हणले. काळ्या हुत्या, म्हणून म्हणले.
देवा, रामराम. आता पुढचं लिहिते.

दुपारी
नात सुलक्षणा शिरूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकती. मोठ्यानं वाचत हुती. प्रोटॉन म्हंजी तीन क्वार्कची टोळी. दोन अप, एक डाऊन. त्यांना धरून ठेवणारा ग्लुऑन, म्हंजी डिंकच. एखादा ओढला तर काय हुतं, तेबी सांगाय लागली. मी उठले. मला कळलं. एक काढला की टोळी खलास.
डाऊन म्हंजी तानुबाई. तिलाच काढायचं.

१९ मार्च
माझे गहू भिजत घातले. एकटीनं घालणार. मला कुणाची गरज न्हाई.

२० मार्च
तानुबाईला बाजारात गाठलं. सांगितलं, सिंधूबाई म्हणती तुझा हात थरथरतो, कुरडई तुटती. सिंधूबाई असं म्हणली न्हवती. म्हणायला पायजे हुती.

२१ मार्च
अजून सुटंना. जोर कमी पडला. चहाला बोलावून परत सांगितलं, जरा वाढवून.

२२ मार्च
सुटली. दोघी भर गल्लीत भांडल्या. मी देवापुढं साखर ठेवली.

२३ मार्च
तानुबाई एकटी रडत बसंल वाटलं. तिनं समोरच्या मेहरुनला धरलं. सिंधूबाईनं तिच्या जागी कासुर्डी गावची भाची आणली. एक टोळी हुती, दोन झाल्या.
सुलक्षणाला विचारलं. म्हणली, "आज्जे, तेच सांगत होते. ओढायला लावलेल्या जोरातूनच नवे क्वार्क तयार होतात. एक रिकाम्या जागी बसतो, दुसरा ओढलेल्याला चिकटतो. एकटा क्वार्क कुठं सापडतच नाही."
म्हंजी जोर माझा, माणसं त्यांची. पोरीनं आधी नीट सांगायला नको?

२४ मार्च, सकाळी
चीक शिजवाय घेतला. हलवत बसले तर सोऱ्या भरायला कोण? सोऱ्या भरला तवर चीक करपला. उरलेला गार होऊन दगड. सून अनिता कंपनीत शिफ्टला.
तसं यंदा कुरडया करायच्याच न्हवत्या.

संध्याकाळी
तानुबाई आन् सिंधूबाई नळावर बोलल्या म्हणं. हात थरथरतो असं पयलं कुणी म्हणलं, याचा शोध लावत दोघी हिकडंच निघाल्यात. मागनं पार्वतीबाई, मेहरुन आन् ती भाचीबी.
कडी वाजली. अनिता आत्ताच कामावरनं आलीय. उत्तर तिनं द्यायचं. मी राहू गावाला गेलीय.