पालकांचा अभिप्राय

२७ फेब्रुवारी, सकाळी ७
विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला शंभर दिवस. शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर आजपासून उलटे आकडे. मैदानात पोरांनी मुठी वळून शपथ घेतली, आम्ही पालक कुंपणाबाहेर उभे. मीही घेतली, मोठ्याने. आमची यूहे एकदम खाली बघायला लागली. भरून आलं असणार.

परिस्थिती अशी: बाकी विषयांत पोरगी पक्की. इंग्रजीत दीडशेपैकी १०६. वुहानला शिक्षकांच्या विद्यापीठात जायचं तर ११५ तरी हवेत. सातवीपासून तिला शिक्षिकाच व्हायचंय, दुसरं काही डोक्यात नाही. म्हणजे प्रश्न फक्त नऊ मार्कांचा. नऊ मार्क म्हणजे काय मोठंसं!

म्हणून तर फरशांचं दुकान बायकोवर टाकून इथे शाळेसमोर खोली घेतली. आसपासच्या खोल्यांत सगळ्या आया. त्या स्वयंपाक करतात. मी मार्गदर्शन करणार. स्वयंपाक काय, जाता जाता होतो.

मला इंग्रजी येत नाही ही किरकोळ अडचण आहे. शिकवायला शिस्त लागते.

२८ फेब्रुवारी
वेळापत्रक भिंतीवर लावलं. पहाटे ५.४० ते ६.२०: व्याकरण आणि उतारे. बापलेकींनी एकच पेपर सोडवायचा, मग उत्तरसूची बघायची. शाळेत सगळ्यांना चुकांची वही ठेवावी लागते. चुकलेला प्रश्न उतरवायचा, खाली लाल शाईत का चुकलं ते. मी दोन वह्या आणल्या. तिच्या वहीला पट्टीने समास आखले. माझ्या वहीत काही लिहायची वेळ येईलसं वाटत नाही, पण समास आखून ठेवले.

दुपारी कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप. दोन वाडगे प्यायली. भूक अभ्यासाने लागते.

५ मार्च
पद्धत सापडली! उतारा वाचायचाच नाही. चार पर्यायांतला सगळ्यात लांब तो बरोबर. परदेशी माणसाला खरं बोलायला जास्त शब्द लागतात.

पंधरापैकी अकरा आले. यूहेला पद्धत सांगितली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही कालचाच पेपर परत सोडवलाय. असेल. पण पद्धत ती पद्धत.

९ मार्च
आज चार. उत्तरसूचीत छपाईच्या चुका फार. उताऱ्यात एका बाईची नोकरी जाते, ती पाव भाजायला लागते आणि सुखी होते. बाई सुखी का झाली, असा प्रश्न. मी म्हटलं, भावाने भांडवल दिलं असणार, त्याशिवाय भट्टी कुठून येईल? उत्तरसूचीत भावाचं नावच नाही. यूहे पस्तीस मिनिटं मला समजावत होती. समजावता समजावता तिचीच उजळणी झाली. डावच तो होता माझा.

तिचा पेपर राहिला म्हणे. उद्या बघू.

१४ मार्च
चाचणी. १०३.

पेपरावर पालकांची सही आणि अभिप्राय लागतो. इतर आया नुसतं ‘पाहिले’ लिहितात. मी लिहिलं: ‘वाचले. सध्या पाया घातला जात आहे. इमारत दिसण्यास अवधी लागतो. क्वांग देशुन.’ सहीला झोकदार शेपूट दिलं.

बायकोचा फोन. पोरगी जेवते का, झोपते का, एवढंच. म्हटलं, श्यूचन, उपवाक्यांबद्दल काहीतरी विचार. ती म्हणाली, अहो, तुम्हाला शाळेत अडतीस पडले होते, माहितेय मला. लग्नाआधी हे तिला कोणी सांगितलं, शोध घ्यायला हवा.

२३ मार्च
शेजारच्या खोलीतल्या निंगबाई मासे विकतात. त्यांचा पोरगा यूहेच्याच वर्गात. त्याला तुम्ही इंग्रजी कसं घेता म्हणून विचारलं. म्हणाल्या, फळं कापून ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. बिचारी. पोराचं कसं व्हायचं!

३ एप्रिल, गावी
पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायला दोन दिवसांसाठी आलो. यूहेला दोन पानी सूचना लिहून ठेवल्यात. जेवायला निंगबाईंकडे.

४ एप्रिल
गवत उपटताना कंबर धरली. वैद्य म्हणतो, आठ दिवस हलायचं नाही. पोरीचं वाटोळं झालं! फळा पुढे सरकतोय आणि मी इथे पालथा.

७ एप्रिल
पहाटे ५.४० ला फोन लावतो. उचलत नाही. मार्गदर्शनावाचून भांबावली असणार.

१३ एप्रिल
परत खोलीवर. काल चाचणी झाली. ११९!!

आधी मलाही कोडं पडलं. मग उलगडलं. फरशी बसवली की लगेच चालायचं नसतं, सिमेंट मुरावं लागतं. मार्चभर मी जे ओतलं ते एप्रिलमध्ये मुरलं. हेच अभिप्रायात लिहिलं, जागा पुरेना म्हणून पुरवणी जोडली. उद्यापासून चाळीसऐवजी पन्नास मिनिटं.

यूहेला सांगितलं. तिने भिंतीकडे बघत मान हलवली. कामाला लागायचा निर्धार दिसला.

२८ एप्रिल
१०७. पेपर वाकडा काढला होता. निंगबाईंच्या पोराला १२४ पडले ते सोडा, त्याचं नशीब.

आज मी पंधरापैकी तीन. माझी चुकांची वही अजून कोरी, कारण चुका छापखान्याच्या आहेत.

सूप आज खारट झालं. माझं लक्ष उताऱ्यात. तरी तिने वाडगा चाटून ठेवला.

१० मे
पालकसभेची नोटीस. सोळा तारखेला. घरी तयारी कशी करून घ्यावी, यावर एक पालक बोलणार. नाव दिलेलं नाही. पण वर्गशिक्षिका शेनबाई परवा फाटकाशी माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. पुरवणी वाचलेली दिसते.

पाच मुद्दे काढले. वाळत घातलेल्या चादरींसमोर तालीम केली. छान झाली.

१६ मे, संध्याकाळी
पालकसभेत ज्याने-त्याने आपल्या पोराच्या जागेवर बसायचं असतं. यूहेच्या बाकात माझे गुडघे मावेनात. तिच्या पुस्तकांची चळत माझ्या हनुवटीपर्यंत.

शेनबाईंनी निंगबाईंना बोलावलं. मी अर्धा उठलो होतो, बाक अडकला म्हणून बरं झालं. निंगबाई म्हणाल्या, मला काही येत नाही, मी काही बोलत नाही. एवढंच. टाळ्या थांबेनात.

प्रत्येक बाकावर पोरांनी आईबापांना लिहिलेलं पत्र होतं. यूहेचं इथे उतरवतो.

‘बाबा, तोंडावर बोलले तर तुम्ही समजावत बसाल, म्हणून लिहिते. पहाटे मी तुमचे प्रश्न सोडवते, माझे राहतात. उत्तरसूची बरोबर असते, बाबा. तुम्ही गावी होतात तेव्हा तो वेळ मी एकटी वाचत बसले. ते ११९ तेव्हाचे. तुमची कंबर दुखत होती आणि मला बरं वाटत होतं, याची फार लाज वाटते. पण मला वुहानला जायचंय. गावी जाऊ नका. निंगकाकूंचं सूप चांगलं होतं, पण दुपारी घरी यावंसं वाटायचं नाही. तुमचं असलं की वाटतं. उरलेले बावीस दिवस फक्त सूप करा.’

वर्गात धूळ फार. पलीकडे बसलेल्या बापाच्याही डोळ्यांत गेली होती.

पाच मुद्दे खिशातच राहिले.

१७ मे
पहाटे ५.४०. सवयीने जाग आली. यूहे दिव्याखाली वाचत होती. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. निंगबाई आधीच बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. पन्नास मिनिटं फार लांब असतात, हे मला माहीत नव्हतं.

वेळापत्रक काढलं. भिंतीवर चौकोन राहिला. पेपरांचा गठ्ठा गरम पातेल्याखाली ठेवायला बरा पडतो.

१८ मे
माझ्या चुकांच्या वहीत पहिली नोंद केली, लाल शाईत. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

२९ मे
१२१.

यूहेने पेपर पुढे केला आणि सही मागितली. अभिप्रायाच्या जागेवर पेन टेकवून बराच वेळ बसलो. ती उभीच. वाडगा हातात, दुसऱ्यांदा भरलेला.

शेवटी लिहिलं: ‘पाहिले. मला यातलं काही कळत नाही. तिला कळतं.’

तिने वाचलं आणि वाडगा खाली ठेवून माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोन मिनिटं वाया गेली तिची. मी काही बोललो नाही.

सहीचं शेपूट मात्र आज झकास आलं होतं.