कोइमतूरला टीम, सांगलीला गाळ

आबा, तुमी गेल्यावर तुमाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. जिवंत होतात तवा तरी कुठं लिहिलं? सासरहून कार्ड टाकायचं म्हटलं तर आधी मामंजी वाचायचे आणि मग ते पेटीत पडायचं. त्यात काय लिहिणार, आमी खुशाल, तुमी खुशाल असा. पण आज मला लय राग आलाय. आनंदही झालाय, आणि गंमत म्हणजे तो आनंद ह्या रागाला बसूच देत नाही. दूध उतू जातंय आणि गॅसही बंद होत नाही असं झालंय. चौथी शिकलेली बाई मी, माझं अक्षर तुमी बघितलंय. लागेल तेवढं वाचा.

तुमी ज्या खेळासाठी सगळ्या गावाला शिट्टी मारून पळवायचात, त्या बास्केटबॉलच्या आता पगारी टीमा निघाल्यात. पोरींच्या. क्रिकेटवाल्यांसारख्या, एकेका शहराच्या नावानं. कुठल्या शहराला टीम द्यायची ह्यावर महिनाभर मोबाईलवर चर्चा चालली होती. कोट घातलेले चार जण समोर बसायचे. एक म्हणायचा मुंबईला दोन द्या, दुसरा म्हणायचा पुण्याला विमानं उतरतात, तिसऱ्याला हॉटेलांची काळजी. माझा लेक मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो, तो जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा करून हे सगळं बघायचा. त्याला खेळातलं काही कळत नाही. पण त्याची लेक, म्हणजे माझी नात, खेळते. नुसती खेळत नाही, तर पुण्याला जाऊन मोठ्या निवडीत बसून आलीय. लेकानं तिला शब्द दिला होता, "सांगलीला टीम मिळाली तर खेळ. घरचं खाऊन खेळ. परगावी ऱ्हायला मातुर पाठवणार न्हाई." म्हणून त्या कोटवाल्यांच्या तोंडाकडं आमचं घर रोज टक लावून बसायचं.

मग एक दिवस त्यातला मराठी बोलणारा एक जण चष्मा पुसत म्हणाला, "सांगली, साताऱ्यासारख्या गावांची अजून तेवढी लायकी नाही." मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं. सून म्हणाली, "आत्या, पोळी फाटली." मी म्हटलं, "फाटू दे."

लायकी! त्या माणसानं आमच्या नदीकाठचं ग्राउंड बघितलंय का? कृष्णाबाई चढली की ते सगळ्यात आधी पाण्याखाली जातं. पाणी उतरलं की ढोपरभर गाळ, त्यात मेलेले मासे, कुणाच्या घरातला पाट, कुणाची चप्पल. मग ह्या पोरी खोरी-पाट्या घेऊन येतात. डॉक्टरची पोरगी, भाजीवालीची पोरगी, आमची पोरगी, रांग करून गाळ उपसतात, वर बादल्यांनी धुतात, खडूनं पट्टे ओढतात आणि खेळायला लागतात. पुढच्या पुरात पुन्हा तेच. एका पुरात रिंगचा खांब वाकला, तर दोर लावून त्यांनीच ओढून सरळ केला. अजून जरा नदीकडं कललेला आहे, त्यामुळं तिथं नवखी पोरगी आली की तिचा पहिला नेम हमखास चुकतो आणि बाकीच्या फिदीफिदी हसतात. टीमला कुठलं गाव लायक, हे हॉटेलं मोजून ठरवायचं असतं का? ज्या गावच्या पोरी नदीच्या तोंडातनं ग्राउंड परत काढतात, त्या गावाला पहिली टीम द्यावी. माझ्या हातात असतं तर मी दिली असती.

आणि मग ती शहरं जाहीर झाली. आमचं नाव नाही. त्यानंतर पोरींच्या वाटण्या झाल्या, तर आमची पोरगी कोइमतूरच्या वाट्याला. कोइमतूर, आबा! नकाशात बोट खाली खाली सरकवत गेलं तर अगदी शेवटाजवळ सापडतं. पोरगी माझ्या गळ्यात पडून नाचली, मी पण नाचले, माझा गुडघा तसाच बोंबलत राहिला. आणि पाठीमागनं लेकाचा आवाज आला, "नाचू नगा. शब्द काय झालाता? सांगली न्हाई, तर न्हाई. परक्या मुलखात एकटी पोरगी पाठवणं आपल्या लायकीचं न्हाई."

बघा, तोच शब्द. कोटवाल्याच्या तोंडचा माझ्या लेकाच्या तोंडात आला. पण आबा, हा शब्द मी आधी ऐकला तो तुमच्याकडनं.

तुमी फौजेतनं पेन्शनीत आलात तवा विहिरीवर इंजिन बसलं होतं आणि चामड्याची मोट गोठ्यात पडली होती. तिच्या तोंडाचं लोखंडी कडं तुमी काढलंत आणि पारावरच्या चिंचेला ठोकलंत. मला आठवतंय, तुमी पारावर उभं राहून माप घेताय, तोंडात खिळे धरलेत, आणि खाली आख्खा गाव बघतोय की हवालदाराला झालंय तरी काय. माप घेतलंत पारावरनं, आणि खेळ मांडलात खाली अंगणात. म्हणजे कडं पाराच्या उंचीएवढं जास्तच वर गेलं. कुणाची सांगायची हिंमत नव्हती. पुढं तालुक्याला सामन्याला पोरं गेली, तर सगळ्यांचे बॉल फळीच्या वरनं पलीकडं. बैलगाडीतनं परत येईस्तोवर तुमी त्यांनाच शिव्या घातल्यात. कड्याला काही हात लावला नाहीत. चूक झाली म्हणायला तुमच्या पलटणीत शिकवलं नव्हतं.

माझं काम बॉल आणायचं. निवडुंगातनं, शेणातनं, जिथं पडेल तिथनं. बॉल आणून देता देता हाताला त्याचं वजन कळायला लागलं. त्या उंच कड्यात बॉल घालायचा तर कड्याकडं बघायचं नाही, त्याच्या वर आभाळाकडं टाकायचा, मग तो आपसूक खाली येतो. हे पोरांच्या ध्यानात येईना, माझ्या आलं. त्या संध्याकाळी सगळे चुकत होते. मी गोठ्याच्या दारातनं बॉल फेकला. तो चिंचेच्या पानांत शिरला, दिसेनासा झाला आणि कड्यातनं खाली पडला. पोरं ओरडली. मी तुमच्याकडं बघितलं. तुमी आलात, माझ्या हातातनं बॉल काढून घेतलात आणि म्हणालात, "पोरी, पाणी भर जा. जे आपल्या लायकीचं न्हाई त्यात हात घालू ने." मी घागर उचलली. माझ्या मागं चुलतभावानं बॉल टाकला, तो कड्याला शिवलासुदिक नाही. तरी तुमचा आवाज आला, "शाबाश जवान!"

वर ते बूट. पेन्शनीत येताना फौजेच्या कँटीनमधनं माझ्यासाठी पांढरे कापडी बूट तुमीच आणले होतेत. ते घालून मी चुलीपुढंसुद्धा बसायची, आई ओरडायची. ते तुमी दुसऱ्या दिवशी चुलतभावाला दिलेत. त्याच्या पायाला ते लहान, तर ब्लेडनं टाचा कापून दिलेत. कापलेत, आबा. पण मला घालू दिले नाहीत. आज सत्तरीला आले, घरात चपलांचे चार जोड आहेत, तरी ते बूट आठवले की माझ्या तळपायाला आग लागते. तुमच्या दिवसाला तुमाला आवडायची म्हणून मी दरसाल करंजी करते. करंजीला मुरड घालताना दरसाल हेच आठवतं, आणि मुरड जरा जास्तच घट्ट बसते.

तर लेक म्हणाला लायकीचं न्हाई, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आरं ए शहाण्या, तुला आन् त्या चष्मेवाल्याला गावं मोजायची अक्कल हाय का? मी सांगते कुणाला टीम द्यायची. साताऱ्याला द्या, तिथं घरटी एक फौजी, शिट्टी वाजली की आख्खं गाव अंथरुणातनं उठतंय. आष्ट्याला द्या, रान बघ कसं ताटासारखं सपाट."

लेक हसला. "आन् विट्याला न्हाई का देत?"

"विट्याला तर आधी! विट्याचे गलाईवाले सोनं गाळायला सगळ्या मुलखात बसल्यात. विट्याची टीम कुठंबी खेळायला जाऊ दे, टाळ्या वाजवायला तिथं चार घरं आपली. दिल्लीत आपली, कलकत्त्यात आपली, मद्रासकडं तर..." आणि बोलता बोलता माझीच जीभ थांबली. माझ्या धाकट्या बहिणीची लेक विट्याला दिलीय. तिच्या नवऱ्याचं गलाईचं दुकान मद्रासकडं. आमी सगळे वर्षानुवर्षं म्हणतोय, ती मद्रासकडं असते. मद्रासकडं म्हणजे नक्की कुठं, हे एवढ्या वर्षांत एकानं विचारलं असेल तर शपथ. दिवाळीला येते, डबा भरून केळ्याचे वेफर आणते, आमी खातो.

नातीनं तिथल्या तिथं फोन लावला. पलीकडनं भाची घाबरून म्हणाली, "मावशी? तू फोन केलास? कोण गेलं गं?"

"कुणी न्हाई गेलं. तू नेमकी ऱ्हातीस कुठं ते सांग."

"कोइमतूरला. का गं?"

मी फोन तसाच लेकाच्या कानाला लावला. भाची तिकडनं सांगत होती, आमच्या गल्लीत आपल्याकडची लय घरं, गणपती बसतो, हळदीकुंकू असतं, पोरीला पाठव दादा, माझं घर काय परकं हाय का. लेक नुसता "व्हय, व्हय" करत होता. फोन ठेवला आणि म्हणाला, "तरीबी आई, पोरीच्या जातीनं..."

मग मी त्याला सांगितलं. चिंच, कडं, घागर, बूट, सगळं. पन्नास-पंचावन्न वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. लेकाला माहीतच नव्हतं की त्याची आई बॉल टाकायची. त्याला वाटायचं पोरगी हे ग्राउंडवरच्या सरांकडनं शिकली. आवं, पोरगी चालायला लागली तवापासनं गच्चीवर टाकीच्या वर पाटीचा काठ बांधून तिला शिकवलं कुणी? पोरगी बुटकी आहे आमची. पुण्याच्या निवडीत उंच उंच पोरी हात वर करून पुढं उभ्या, आणि हिचा बॉल त्या सगळ्यांच्या वरनं, पार छताजवळनं जाऊन खाली पडायचा. तिथल्या बाईंनी विचारलं, "एवढ्या वरनं टाकायला कोणी शिकवलं?" ही म्हणाली, "आज्जीनं." बाई हसल्या म्हणे. त्यांना काय ठाऊक, पार मोजायला विसरलेल्या एका हवालदाराची ती चूक आहे.

लेक बोटांवरची हळद चोळत बसला. मग म्हणाला, "बूट कापून दिले?" मी म्हटलं, "व्हय." तो उठला, लेकीला म्हणाला, "रोज फोन करायचा. एक दिवस चुकलीस तर मी आलोच तिथं." आणि दुकानाला निघून गेला. दुपारी परत आला तो पांढरे बूट घेऊन. आधी लेकीच्या पायाला लावून बघितले, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझ्या मापाचे मिळाले न्हाईत."

म्हणून सांगते, आबा. राग गेलेला नाही. लेक माझा, तुमचा नातू, अर्ध्या दिवसात वळला. तुमाला आख्खा जन्म मिळाला होता. कुठल्या गावाची लायकी, कुठल्या पोरीची लायकी, हे ज्यांनी ठरवलं त्यांना आपलं मापसुद्धा नीट घेता आलं नव्हतं, आणि ते मला तवाच कळत होतं. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं.

पोरगी आत्ता हाका मारतीय. परवाची गाडी आहे आणि सकाळच्या पावसात नवे बूट भिजवून आली. ओल्या बुटात कोंबायला कागद पाहिजेत, पेपरची रद्दी सुनेनं कालच घातली. तर हेच कागद चुरगळून कोंबते, त्यांचं आणखी काय करणार. बूट वाळतील, आकारही राहील.

फक्त एक लिहायचं राहिलं. आज सकाळी ग्राउंडवर पोरीनं माझ्या हातात बॉल दिला. हात वर जात नव्हता, तरी टाकला, आभाळाकडं. वाकड्या खांबाच्या रिंगमधनं बरोबर खाली पडला. पोरी ओरडल्या, नात "शाबाश आज्जी" म्हणत धावत आली. पण आबा, तिच्याकडं बघायच्या आधी मी मागं वळून बघितलं, तुमी बघितलं का म्हणून.