थर्ड पार्टी म्हणजे आमची लेक

३ जून
आजपासून स्वावलंबन. या वर्षी गाडीचा विमा मेहुण्याकडून घेतला नाही. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, धंद्याने विमा एजंट. दर वर्षी काहीतरी न कळणारं बोलतो आणि सह्या घेऊन जातो. या वेळी मी स्वतः ऑनलाइन काढला. दोन प्रकार होते, एक महागडा आणि एक 'थर्ड पार्टी'. घरात गाडी चालवणारे तीन: मी, ही आणि नुकतंच लायसन्स मिळालेली कन्या. म्हणजे तिसऱ्या माणसापर्यंत सगळे कव्हर! तेही इतक्या स्वस्तात. कंपनीच्या लक्षात आलेलं दिसत नाही. कुणाला बोललो नाही.

५ जून
कन्या फार बिचकत चालवते. तिला म्हणालो, बिनधास्त चालव, तुझ्यासाठी खास विमा काढलाय.

६ जून
बिनधास्त चालवली. बिल्डिंगच्या गेटचा खांब. कन्येला खरचटलंही नाही, ते महत्त्वाचं. बॉनेट दुमडलंय, एक दिवा लोंबतोय, खालून हिरवं पाणी गळतंय. ती रडत होती. मी अजिबात चिडलो नाही. विमा असलेल्या माणसाला चिडायचं कारणच नसतं.

७ जून
कस्टमर केअरला फोन. बराच वेळ संगीत ऐकलं. मग एक बाई म्हणाल्या की पहिली पार्टी मी, दुसरी कंपनी, आणि तिसरी म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान होतं तो. आपल्या गाडीला काही मिळत नाही. मी विचारलं, मग खांबाला? त्या म्हणाल्या, खांबाचा विचार होऊ शकतो.
बाई नवीन असाव्यात. उद्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलतो.

८ जून
आज एक गृहस्थ होते. तेही नवीनच.

१० जून
गाडी टोचन लावून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने विचारलं, क्लेम का कॅश? मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. तो म्हणाला, कंपनीचा माणूस पाहून गेल्याशिवाय हात लावत नाही. शिस्तीचा माणूस आहे. आवडला.
मेहुणा रोज मला ऑफिसला सोडणार म्हणे. त्याचा रस्ता तोच. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

११ जून
मेहुण्याच्या गाडीत माझा सीटबेल्ट लागला की तो विम्यावर सुरू होतो. माझ्या बाजूची काचसुद्धा त्याच्याच बटणाने खाली होते. प्रत्येक सिग्नलला विचारतो, भाऊजी, क्लेमचं कुठवर आलं?
उद्या खरं काय ते सांगून टाकायचं. ठरलं.

१२ जून
सांगितलं नाही. ट्रॅफिक फार होतं.

१४ जून
मेहुणा जेवायला. वाढून होतंय तोच सगळ्यांदेखत तोच प्रश्न. ही माझ्याकडे बघतेय, कन्या बघतेय. बोलून गेलो की क्लेम नाकारला, कारण कन्येचं लायसन्स नवीन. हे खोटं म्हणता येणार नाही. क्लेम नाकारलाय. लायसन्सही नवीन आहे. मधला 'कारण' तेवढा घाईत आला.
कन्या अर्धं ताट घेऊन आत गेली.
मेहुणा मात्र पेटला. असं होऊच शकत नाही म्हणाला. कागद मागितले.

१५ जून
कागद सापडत नाहीत असं सांगितलं. तो म्हणाला, मोबाइलवर असतील. मोबाइल बंद पडलाय म्हणालो. त्याच सुमारास तो खिशात वाजला.

१७ जून
कन्या कॉलेजला बसने जाते. लायसन्स आईच्या कपाटात ठेवून दिलंय. पुन्हा चालवणार नाही म्हणते. एका अर्थी बरंच, बसमध्ये वाचन होतं.
झोप लागत नाही. उकाडा असावा.

१९ जून
मेहुणा गाडीत म्हणाला की आज संध्याकाळी तो कन्येला कंपनीत घेऊन जाणार. ती घाबरलीये, पण तिच्या तोंडूनच ऐकवू साहेबाला, म्हणाला. पुढे बस, मागे टेम्पो. उतरायला जागा नाही. सांगून टाकलं.
त्याने रेडिओ बंद केला.
मग म्हणाला, "भाऊजी, मला कशाला सांगताय? पोरीला सांगा."

२० जून
कन्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मुद्दे काढून ठेवले होते. वेबसाइटची रचना, बारीक अक्षरं वगैरे. पहिल्या मुद्द्यालाच ती म्हणाली, "बाबा, मला माहितीये. खांबाला धडकले त्याच दिवशी मी थर्ड पार्टी म्हणजे काय ते वाचलं होतं."
मग जेवताना बोलली का नाहीस, विचारलं.
"मामा समोर होता ना तुमच्या."
दुरुस्ती माझ्या खर्चाने होतेय, असं सांगितलं. पुन्हा चालवशील ना, असंही विचारलं. हो म्हणाली. पण मामाशेजारी बसून शिकणार, रविवारपासून. त्याच्याशी बोलणं झालंय.
मग मीही शेजारी बसून दोन शर्टांच्या घड्या घातल्या. तिने त्या उलगडून पुन्हा घातल्या.