ओठावरचे दाणे

सोम., ३ फेब्रु.
संकेश्वरची मंडळी काल सुजाताला बघून गेली. पोरगा प्रशांत, साखर कारखान्यात आहे. बोलका. सुजाला आवडलाय, कळतं मला.
आज त्याच्या आत्याचा फोन. "पोरगी झ्याक हाय हो, पण ओठावर ते दाणे कसले? काय वंगाळ रोग तर न्हाय?"
मी फोन ठेवून दिला. ह्यांना अजून सांगितलं नाही.

बुध., ५
सांगितलं. हे हातमाग बंद करून नुसते बसले.
सुजा आरशापुढे. ओठ ताणला की दिसतात, बारीक, पिवळट. आपल्याच पोरीचे ओठ मी कधी नीट बघितले नव्हते.
दुपारी मागासाठी सुताच्या कांड्या भरताना हळूच म्हणाली, "आई, खाली पण पुटकुळ्या आल्यात. दुखतात."
खाली म्हणजे कुठं, ते कळलं. त्या जागेला आमच्या घरात शब्दच नाही. म्हटलं, लिंबू लावून बघू?
"लिंबू न्हाय. डॉक्टर."

शनि., ८
कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझी मान खाली, सुजाने सगळं सरळ सांगितलं. कानडीत; सीमेवरच्या आम्हाला दोन्ही येतात. मराठीत लाजली असती बहुतेक.
बाईंनी नीट तपासलं. ओठावरचे दाणे म्हणजे तेलाच्या ग्रंथी, पुष्कळांना असतात. रोग नव्हे, कुणाला लागत नाही, औषधही नको. खालचं ब्लेडमुळे. केस आतल्या आत वळतो नि गाठ येते. ब्लेड बंद, कोमट पाण्याचा शेक, पिळायचं नाही. (लिंबाचं मी विचारलं. बाईंनी कपाळाला हात लावला.)
सुजा तेवढ्यावर उठली नाही. "मग रोगाचे कसले असतात?"
पाणी धरलेले, झोंबणारे फोड पुंजक्यानं येतात. नाहीतर न भरणारी जखम. नाहीतर कोबीच्या गड्ड्यासारखे वाढणारे मस. असलं काही दिसलं तर लगेच यायचं, म्हणाल्या, त्यालाही औषध आहे, लाजायचं नाही.
निघताना माझ्याकडे बघून हसल्या. "तुमच्या ओठावर पण आहेत की!"
घरी येऊन बघितलं. आहेत. माझेच दिलेत मी तिला.

मंगळ., ११
सुजाने आत्याला स्वतः फोन लावला. मी नको नको म्हणत होते. स्पीकर चालू.
"आत्या, डॉक्टरला दाखवून आले. रोग न्हाय. पण विचारायचं हुतं तर मला विचारायचं, आईला कशाला?"
पलीकडून, "लई तोंड हाय की गं तुला!"
"व्हय, हाय. दाण्यांसकट."
हे मागावरून उठून आले. चहा केला स्वतः, आणि पहिला कप तिच्या हातात. उभ्या जन्मात ह्यांनी चूल पेटवलेली मी बघितली नव्हती.

गुरु., १३
प्रशांतने सुजाला फोन केला. आत्याबद्दल माफी मागितली. मग त्याचंही काहीतरी दुखणं निघालं. बरेच दिवस अंगावर काढतोय, कुणाला दाखवलं नाही. कुठं, कसलं, सुजा मला सांगत नाही.
"ते त्याचं हाय, आई. त्यानं सांगितलं तर ऐक."
"मग तू काय म्हटलीस?"
"दाखवून ये म्हटलं. फोनवरनं मी कसं सांगू कसलं ते?"
ही माझी पोर. लाजेनं मेलेली मी, आणि माझ्या पोटी ही.

रवि., १६
प्रशांत डॉक्टरकडे जाऊन आला. रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट अजून आला नाही. सुजानेही आपलं दिलं. "एकट्यानं कशाला? दोघांचं बघू."
आज प्रशांतच्या वडिलांचा फोन. त्यांच्याकडून होकार. आत्याचाही म्हणे. आता आमचं काय ते सांगा, म्हणाले.
हे मला विचारत होते, काय सांगायचं? म्हटलं, तिला विचारा.
सुजा मागावर बसलेली. खटखटीत हाक ऐकूच गेली नाही. हे तिथंच उभे राहिले, ती हातातलं संपवून वर बघेपर्यंत.