इशरत ताश्कंदात हरवली ते

ताश्कंद,
बुधवार, दुपारचा चहा झाल्यावर

ती. शकुंतलाअक्कांच्या पायांवर, पाय इतक्या लांब असले तरी, धाकट्या भावजयीचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या डोंगरकडा गावात ऊन तापायला लागलंय असं तुमचा नचिकेत म्हणाला, तेव्हा दुपारी केळीच्या बागेत जाऊ नका (जाणारच तुम्ही, पण लिहिण्याचं काम मी केलं). आम्ही तिघी सुखरूप पोचलो. फोनवर मी 'ताश्कंद' म्हटलं की तुम्हाला तुमच्या शेजारचं 'कळमनुरी' ऐकू येतं आणि सोमवारी तुम्ही मला, मग इकडं उतरली काहून न्हाईस, असं रागानं विचारलंत. म्हणून हे कागदावर लिहून त्याचे फोटो नचिकेतच्या फोनवर पाठवतेय. त्यानं मोठ्यानं वाचावं आणि कंसातलं गाळू नये.

आमच्यातली इशरत तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या गल्लीत कपडे शिवते ती, तुमच्या साठीचं ब्लाउज तिच्याच हातचं. तिसरी केतकी. शाळेच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. मी रिटायर झाले, ती अजून आहे. सगळी सहल केतकीनं जमवली. स्वस्तातलं विमान, स्वस्तातली खोली, आणि दर अर्ध्या तासाला काय करायचं याचा एक तक्ता, ज्यात 'श्वास घेणे' तेवढं लिहायचं राहिलंय. स्वस्तातल्या विमानात माणशी सातच किलो सामान चालतं, म्हणून मी दोन साड्या एकीवर एक नेसून, वर स्वेटर, त्यावर यांचा जुना कोट, अशी मुंबईच्या उकाड्यात विमानात चढले. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघून आपली शाल काढून मला दिली. तिला वाटलं मला थंडी वाजतेय. मी घेतली. (परत दिली, अक्का. उतरताना.)

खोली सहा जणींची, खाटा एकावर एक. माझ्या वाट्याला वरची आली. जुन्या एसटीच्या टपावर चढायला शिडी असायची ना, तशी शिडी चढून मी वर जाते आणि खाली यायचा धीर होईपर्यंत वरच बसते. पण गाव असं देखणं की काय सांगू. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, झाडांच्या बुंध्याशी पाण्याचे पाट. जमिनीखालून जी रेल्वे जाते तिची स्टेशनं म्हणजे राजवाडे, झुंबरं काय, नक्षी काय. आणि गाडीत वयाचं माणूस शिरलं की बसलेली पोरं ताडकन उठतात. पहिल्यांदा मला राग आला, मी काय इतकी म्हातारी दिसते? दुसऱ्यांदा बसले. तिसऱ्यांदा कोण उठतंय ते नुसतं बघत उभी राहिले, आणि चौघं उठले.

आता भाषेचं. इथली अक्षरं इंग्रजीसारखी, बोली आपल्याला काही कळायची नाही अशी. केतकीच्या फोनात भाषांतर करणारं यंत्र आहे, त्यावर तिची भिस्त. पण सोमवारी उतरल्यापासून इशरत कान टवकारून चालत होती. केतकी पाटी वाचायची आणि इशरत अर्थ सांगायची. मेहमानखाना म्हणजे लॉज. दोस्त म्हणजे दोस्त. किताब, बाजार, हफ्ता, सगळं आपल्या हिंगोलीतलंच. उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली आमची इशरत, एका दिवसात ताश्कंदची रहिवासी झाली. मला खरं सांगायचं तर कौतुक वाटलं, आणि थोडं पोटात दुखलं. मी तीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार केलेली बाई, आणि इथं मी मुकी.

त्यात जेवणाचं. इथं सगळीकडं मटण. आम्हा दोघींना ते चालत नाही, म्हणून इशरतनं पुढाकार घेऊन खानावळीत ठणकावून सांगितलं, "सब्जी! सिर्फ सब्जी!" मालकीण खूश होऊन आत गेली आणि गाजरं घेऊन आली. किसलेली, शिजवलेली, लांब चिरलेली. रात्रीच्या जेवणालाही इशरतनं सब्जीच मागितली, पुन्हा गाजरं. इथं सब्जी म्हणजे गाजर, अक्का! हे आम्हाला मंगळवारी सकाळी कळलं, जेव्हा तिसऱ्यांदा गाजरांचा ढीग समोर आला आणि केतकीनं शेवटी तो शब्द फोनात घातला.

इथं मी चुकले. लिहायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं. सगळ्या जेवणघरासमोर मी इशरतला बोलले, "तुझी उर्दू हिंगोलीच्या मोंढ्यात ठेव. आता केतकीचा फोन बोलेल. तू मधे तोंड घालू नको." चाळीस वर्षांची मैत्रीण माझी. तिनं ताटातली भाकरी (नान म्हणतात, गोल आणि मधे ठसा उमटवलेली) नीट सुलट ठेवली आणि एवढंच म्हणाली, "बराबर आहे तुझं." त्यानंतर रस्त्यात पाट्या आल्या, गेल्या, केतकीनं वाचल्या, अर्थ कुणी सांगितला नाही.

मग आम्ही इथल्या मोठ्या बाजारात गेलो. मधोमध निळा घुमट, इतका थोराड की आपला अख्खा मोंढा धान्याच्या पोत्यांसकट, हमालांसकट आत मावेल. खाली गोल गोल ओट्यांवर सुका मेवा, जिरं, लोणची, आणि एका ओट्यावर हळदीचा हा एवढा ढीग. हिंगोलीच्या माणसाला परदेशात हळद दिसली की काय होतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी चिमूट घेतली, बोटावर चोळली, रंग जरा फिका वाटला, आणि ओरडले, "इशरत, ये, बघ गं, आपली हळद!" मागे वळले, तर इशरत नाही.

पहिली दहा मिनिटं आम्हाला वाटलं, मागे राहिली असेल. पुढची वीस मिनिटं आम्ही घुमटाला प्रदक्षिणा घातल्या. मग तिच्याजवळ काय काय आहे ते मी मनात मोजायला लागले. काटकसर म्हणून आम्ही तिघींत एकच सिमकार्ड घेतलं होतं, ते केतकीच्या फोनात. इशरतजवळ पत्ता नाही, पासपोर्टसुद्धा केतकीच्या पिशवीत. आणि मला सारखं आठवत होतं ते हिंगोलीच्या एसटी स्टँडवर इशरतच्या नवऱ्यानं, कय्युमभाईंनी, मला बाजूला घेऊन सांगितलेलं. "भाभी, ये कभी नांदेड भी अकेली नहीं गई. जरा देखो." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, मी आहे ना.

केतकीनं फोनात लिहिलं की आमची बाई हरवली आहे, निळी ओढणी, चष्मा. फोननं काय सांगितलं देव जाणे. दुकानदारानं अदबीनं निळ्या ओढण्यांचा गठ्ठा सोडला. दुसऱ्यानं चष्म्याच्या दुकानाचा रस्ता दाखवला. तिसऱ्या दुकानाशी पोचेस्तोवर फोनच मान टाकून बंद पडला. केतकी, जिच्या तक्त्यात रडायला जागा नव्हती, ती बाजारात उभी राहून रडायला लागली. मी रडले नाही. मला रडायला सुचलंच नाही. मी एका रिकाम्या खोक्यावर चढले आणि सकाळी जे शब्द मी मोंढ्यात ठेवायला सांगितले होते तेच, आठवतील तसे, घसा फाटेपर्यंत ओरडले. "आपा! हिंदुस्तान! दोस्त! आपा गुम!"

सगळा बाजार माझ्याकडं वळला. मग मनुकांच्या ओट्यामागची एक जाडजूड बाई उठली. "हिंदिस्तान? ओपा?" मोठ्या बहिणीला इथंही तसंच म्हणतात, हे मला नंतर कळलं. तिनं दोन बोटं माझ्या नाकासमोर उघडझाप केली. "कैची! कैची!" अक्का, तो शब्द ऐकून माझ्या जिवात जीव आला. परक्या मुलुखात कैचीशी संबंध असलेली हिंदुस्तानी बाई दुसरी कोण असणार? त्या बाईनं ओटा शेजारणीवर सोपवला, माझं मनगट धरलं आणि घुमटामागच्या बोळांतून आम्हाला ओढत नेलं.

मातीच्या भिंती, निळं दार, आत अंगण. वर द्राक्षाचा वेल, नुकती पानं फुटलेली. खाली सतरंजीवर सात-आठ बाया, आणि मधोमध, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आमची इशरत.

झालं होतं असं. कापडाच्या गल्लीत एक आजी आणि तिची नात भांडत होत्या. नातीचं लग्न, रेशमी झगा शिवून आलेला, आणि काखेत असा ओढत होता की हात वर होईना. शिंपी गावाला गेलेला. इशरत माझ्यावर रुसून मागे रेंगाळत होती, तिला ती काख दिसली. आता तिला चुकीची काख दिसली की ती थांबू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे (तुमच्या साठीच्या कार्यक्रमात तिनं कीर्तनकारबुवांना थांबवून त्यांच्या सदऱ्याची बाही तपासली होती). तिनं पर्समधला टेप काढला, म्हणाली, "अस्तर कहाँ है?" आजीनं अस्तर उलटून दाखवलं. इथंही अस्तरच म्हणतात! मग काय. त्या दोघींनी तिला घरी आणलं, आणि गेला तास-दीड तास ती आपली दख्खनी बोलत होती, त्या आपली उझबेक बोलत होत्या, आणि कुणालाही काही अडत नव्हतं. काखेत तिनं कापडाचा चौकोनी तुकडा बसवला, त्याला ती चौबगला म्हणते. तो बघायला शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. एकीनं तर आपलाही झगा आणला होता.

मला बघून तिनं टाचण्या काढल्या. "काहून गं, तोंड काहून असं झालं?"

मग मात्र मी रडले. मोठ्यानं. म्हटलं, माझं चुकलं, सकाळी मी तसं बोलायला नको होतं.

"लागलं मला ते," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? म्हणूनच मागं राहिले. म्हटलं, हिला जरा शोधू दे. पाच मिनिटं. पण मग ही काख दिसली, अन् तू ध्यानातूनच गेली." आणि माझ्या हातात सुई देऊन म्हणाली, "बस इथं. रडून राहिली तर रड, पण अस्तराला टाके घाल. डावी बाजू तुझी."

मी टाके घातले. आजीनं चहा दिला, नान दिलं, जर्दाळूचा मुरंबा दिला. केतकीचा फोन कोपऱ्यात चार्ज होत होता, आणि केतकी पहिल्यांदाच तक्ता विसरून एका तान्ह्या लेकराला खेळवत बसली होती. मग ती नात झगा घालून आली. तिनं दोन्ही हात वर केले, अगदी आभाळाकडं, आणि गरकन फिरली. सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, "तय्यार!" आजीनं इशरतचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. मी इशरतच्या हातांकडं बघत राहिले. चाळीस वर्षं ते हात बघतेय, पण कुणी असे डोळ्यांना लावलेले पहिल्यांदा पाहिले. आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी त्या हातांना काय दिलं असेल? आजच पाहिजे, उद्या नको, एवढंच म्हणत आलो.

निघताना आजी सारखी 'तकलीफ, तकलीफ' म्हणत होती. आम्हाला वाटलं, बिचारी म्हणतेय, तुम्हाला त्रास दिला. इशरत छातीवर हात ठेवून म्हणाली, "तकलीफ कसली, खाला! खुशी से, खुशी से, खुशी से!" त्यावर सगळ्या बायांनी टाळ्या पिटल्या आणि आम्हाला मिठ्या मारल्या. स्टेशनावर केतकीनं तो शब्द फोनात घातला. इथं तकलीफ म्हणजे आमंत्रण. लग्न येत्या रविवारी आहे आणि इशरतनं तिघींच्या वतीनं तीन वेळा होकार दिलाय. आम्ही गाडीत इतक्या हसलो की शेजारच्या बाकावरची पोरं, काही दुखतंय असं समजून, सगळी उठून उभी राहिली.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला शेक देत चला. नचिकेतला आणि सूनबाईला आशीर्वाद, आणि तुमचा आमच्यावर असू द्या.

तुमची,
सुनीती

ता. क. – अक्का, आमचं परतीचं विमान शुक्रवारचं होतं. लग्नाला राहायचं तर मंगळवार उजाडेल. इशरतनं कय्युमभाईंना फोन केला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आहेर क्या देगी?" आमच्या घरी असं होणार नाही. तुमचे बंधू माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. तेव्हा तुमच्या प्रमोदला तुम्हीच सांगा. कारण तुम्हीच शोधा, फक्त आजारपण नको, घाबरून इकडं येतील. मला त्या पोरीला तो झगा घातलेली बघायचीच आहे. डाव्या बाजूचे टाके माझे आहेत.

ता. क. दुसरा – आदळआपट केली तर करू द्या. मंगळवारपर्यंत डोंगरकड्याला बोलावून घ्या आणि वांग्याचं भरीत खाऊ घाला. नचिकेत, ही ओळ मामासमोर वाचू नकोस.

ता. क. तिसरा – घाई मात्र करू नका, त्यांचा मूड बघून सावकाश विचारा. तिकिटं आम्ही सकाळीच बदलली.