दिवा कोणी विझवला?

ता. ४ जानेवारी

ती. आजोबांना टिटवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

वाढदिवसाला तुम्ही पाठवलेली कादंबरी संपली. आवडली, पण शेवट कळला नाही. दिवा जळतोय तोवर त्या घरात कोणी मरणार नाही, इथवर ठीक. ती मुलगी शंभर वर्षं त्यात तेल घालत राहते. तिची आजी म्हातारीची आणखी म्हातारी होते, तरी जिवंतच. आणि शेवटचं वाक्य असं, की सकाळी दिवा विझलेला होता आणि घर शांत झोपलं होतं. विझवला कोणी? आणि झोपलं म्हणजे झोपलंच ना? बाबा म्हणाले, सध्या मला वेळ नाही. आई म्हणाली, पुस्तक ज्यांनी पाठवलं त्यांनाच विचार.

आपल्या आजीला आता श्वास पुरत नाही. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर आणलंय, माझ्याहून उंच. ते सारखं सुस्कारे टाकतं. नर्सबाईंनी बाबांना बजावलं, की या खोलीत सिगारेट ओढायची नाही. बाबा कुठे ओढतात! आजी म्हणाली, बरं बाई, मीच सोडते.

उत्तराची वाट पाहणारी,
टिटवी


ता. ११ जानेवारी

चि. टिटवीस दीपगृहावरून अनेक आशीर्वाद.

बोटवाल्याने तुझं पत्र दिलं ते वर गॅलरीत उभं राहून वाचलं. वारा शेजारणीसारखा डोकावत होता. शाळेत आम्हाला दिव्यावरची एक कविता होती. मास्तर डोळे मिटून ओळ म्हणायचे आणि आम्ही सगळे मागून. शब्द केव्हाच गेले, चाल तेवढी उरली. अजून संध्याकाळी जिना चढताना ती ओठांवर येते. तुझी आजी चिडवायची, की या माणसाने बायकोपेक्षा दिव्यालाच जास्त गाणी म्हटली.

शेवटाचं काय एवढं? त्या पोरीचा डोळा लागला असणार. पहाऱ्यावर झोपली, दुसरं काय! माझा दिवा उभ्या आयुष्यात एका रात्रीही विझला नाही. दिवा सांभाळणाऱ्याने झोपू नये, हाच त्या पुस्तकाचा अर्थ.

बदली माणूस आल्याशिवाय मला इथून हलता येत नाही. तोवर आजीवर लक्ष ठेव. माझी आठवण तिच्या उशाशी ठेव, आणि उरलेली तुला.

आजोबा


ता. १७ जानेवारी

ती. आजोबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं म्हणणं पटलं. मी झोपत नाही. वीज गेल्यावर लावायची ती रॉकेलची छोटी चिमणी आजीच्या खोलीत खिडकीच्या पडद्यामागे ठेवली आहे. कोणाला सांगू नका. आई म्हणते, रॉकेलचा वास कुठून येतो. काल पडदा जरासा करपला, पण ती बाजू मी दुमडून ठेवली. शाळेत डुलक्या लागतात, बाई ओरडतात. चालेल. आजीचे ओठ निळसर झालेत, पण दिवा आहे तोवर काळजी नाही, हो ना?

सिलिंडर आता दिव्याच्या बाजूला सरकवलंय. त्याच्या सुस्काऱ्याने ज्योत छान मोठी होते.

तुमची जागी,
टिटवी


ता. २१ जानेवारी

टिटवी,

आधी तो दिवा विझव. मग पुढे वाच.

विझवलास? आता त्याला खोलीबाहेर ने आणि बाबांना करपलेला पडदा दाखव. त्या सिलिंडरातल्या हवेने ठिणगीचा वणवा होतो, बाळा. वादळापासून वायरलेस बंद आहे. हे पत्र घेऊन बोटवाला थेट तुमच्या दारी येईल. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

मी तुला अर्धंच काम सांगितलं. उजाडलं की दिवा मी स्वतः विझवतो. मग भिंगाभोवती पडदे ओढतो, कारण रात्री जहाजं वाचवणारं तेच भिंग दिवसा उन्हाने खोली पेटवून देईल. ती मुलगी झोपली नव्हती गं. उजाडलेलं तिला दिसलं होतं. शंभर वर्षं तिने आजीला पहाटेच्या अलीकडे अडवून धरलं होतं.

मी चुकीचं वाचलं. रागव, पण विझव.

आजोबा


ता. २४ जानेवारी

ती. आजोबांना नमस्कार.

बोटवाले काका पहाटे आले, पत्र देऊन तसेच थांबले. घर झोपलेलं होतं. रागवू नका, पण मी लगेच विझवला नाही. आधी आजीला विचारलं. तिने चिमणीकडे बघितलं आणि विचारलं, की उजाडलं का. मी पडदा सरकवून दाखवलं. मग म्हणाली, तुझ्या आजोबांनी कधी उजेडात दिवा जळू दिलाय का? आण इकडे. सिलिंडर जवळ होतं, म्हणून मी चिमणी पार दाराशी नेऊन धरली. आजीने पलंगावरूनच फुंकर मारली. ती पोचली नाही. उरलेली मी मारली.

मग बाबांना उठवून पडदा दाखवला. ते ओरडले नाहीत, आजीजवळ बसून राहिले.

आता आजी झोपली आहे. बाबांनी सिलिंडर बंद केलंय, त्यामुळे खोलीत कसलाच आवाज नाही. आई मला स्वयंपाकघरातून हलू देत नाही. काका अजून दारात उभे आहेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत. हे पत्र तेच आणतील.

झोपलं म्हणजे काय, ते आता मी कोणाला विचारत नाही.

बदली माणसाची वाट बघू नका, आजोबा. सकाळी निघा. तेव्हा तर तुमचा दिवा विझवलेलाच असतो.

तुमची,
टिटवी